डबा घेऊन निघते, पण जायला ऑफिस नाही

भांडुपहून एका ३३ वर्षांच्या वाचक मुलीचं पत्र आलंय: "ताई, मार्चमध्ये ऐरोलीतली नोकरी गेली. घरी बोलले नाही. रोज डबा घेऊन निघते आणि ठाण्यात वाचनालयात बसते. लहानपणापासून चर्चच्या क्वायरमध्ये आहे, संडे स्कूल घेते. पण साक्षी, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते चर्चमध्ये उभं राहून सांगणं, ऐकायच्या त्या दुसऱ्यांच्या. कुणाला प्रमोशन, कुणाला व्हिसा. देवाच्या लेखी माझी काही किंमत आहे का?"

सलाम गं.

आधी डब्याचं. तो आई पहाटे उठून भरत असणार. तिला आज रात्रीच सांग. रडारड होईल, होऊ दे.

आता किमतीचं. बायबलात मत्तय २० मधला द्राक्षमळ्याचा दाखला, येशूने सांगितलेली ती गोष्ट, तू पोरांना शिकवली असशीलच. त्यातले संध्याकाळी पाचचे मजूर आठव. दिवसभर रिकामे का उभे राहिलात, असं मालक विचारतो. ते म्हणतात, आम्हाला कुणी कामावर घेतलंच नाही. आळशी नव्हते बिचारे. आपल्याकडे नाक्यावर अकरा वाजून गेले तरी थापी-घमेलं घेऊन काही जण ताटकळत असतात ना, तसेच. त्यांना तासाभराच्या कामाचा अख्खा दिनार मिळतो, म्हणजे पूर्ण दिवसाची मजुरी. तासावर हिशेब केला असता तर घरी चूल पेटली नसती.

कुरकुर करतात ते पहाटेपासून राबलेले, कारण त्यांच्याही हातात तेवढाच दिनार पडतो. रागावू नकोस, पण तुझ्या पत्रात मला त्यांचाही सूर लागला. एवढी वर्षं सेवा केली, मग माझ्या पदरात काय? नोकरीतून किंमत ठरेना, तर तू सेवेची हजेरी काढून बसलीस. येशूच्या बाप्तिस्म्याच्या वेळी, हा माझा प्रिय पुत्र, याच्यावर मी संतुष्ट आहे, अशी वाणी झाली. तोवर त्याने ना कुणाला बरं केलं होतं, ना एक प्रवचन दिलं होतं.

साक्षींचं म्हणशील तर आपल्या चर्चच्या मंडळ्यांत त्यांचा पार निकाल वाचायचा कार्यक्रम झालाय. मला ते मुळीच पटत नाही. तू क्वायरमध्ये टिळकांची गीतं गातेस ना? त्या कवी ना. वा. टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा जात, गोत, मानमरातब सगळंच गेलं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईसुद्धा काही वर्षं दूर राहिल्या. ख्रिस्तावरची ती गीतं त्यानंतरची.

दोन-तीन रविवार क्वायरमधून सुट्टी घे. मागच्या बाकावर बस, काही करू नकोस. पाळकसाहेबांना कारण सांगायचं की नाही, ते तुझं तू ठरव. झोप उडाली असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर नुसत्या प्रार्थनेवर राहू नकोस. १४४१६ वर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन कर, पैसे पडत नाहीत.

आणि त्या कंपनीत पाच वर्षं पूर्ण झाली होती का? तसं असेल तर ग्रॅच्युइटीचा अर्ज केलास की लाजेपायी तोही राहिला? पुढच्या पत्रात कळव.