हेइआन निदानमधील लाथ : झटकावी की रेटावी?

प्रश्न : मी दोन वर्षे शोतोकान कराटे शिकत आहे. 'हेइआन निदान' या कातामधली, म्हणजे ठरलेल्या हालचालींच्या क्रमामधली, बाजूची लाथ मला वर झटकून, म्हणजे केआगे पद्धतीने, मारायला शिकवली होती. नवे प्रशिक्षक तीच लाथ टाच रेटून, म्हणजे केकोमी पद्धतीने, मारायला सांगतात. दुसऱ्या शैलीच्या चित्रफितीत तर त्या जागी समोरची लाथ दिसली. यांपैकी योग्य कोणती?

उत्तर : चित्रफितीचा उलगडा सोपा आहे. कराटेचे गुरू इतोसू आन्को यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी जपानमधल्या ओकिनावातील शाळकरी मुलांसाठी पिनान काता बसवले. शोतोकानमध्ये त्यांना हेइआन हे नाव मिळाले आणि पहिल्या दोघांचा क्रमही उलटला, त्यामुळे तुमचा हेइआन निदान शितो-र्यू या दुसऱ्या शैलीमध्ये पिनान शोदान ठरतो. तिथली समोरची लाथ ही त्या शैलीची रीत आहे, चूक नव्हे.

केआगे की केकोमी, हे मात्र कातालाच विचारावे. या लाथेबरोबर त्याच दिशेने मुठीच्या पाठीचा फटका, उराकेन, जातो आणि लगेच उलट दिशेला वळून कोकुत्सु-दाची, म्हणजे मागच्या पायावर भार असलेल्या, पवित्र्यात शुतो-उके, म्हणजे उघड्या तळहाताच्या कडेचा बचाव, करायचा असतो. केकोमीत कंबर लाथेमागे ढकलली जाते आणि तोल सांभाळण्यासाठी धड विरुद्ध बाजूला कलते. मग मूठ लक्ष्यापर्यंत पोचत नाही, पाय लांब पडतो आणि पवित्रा ताणला जातो. केआगेत धड बरेचसे उभे राहते, पाऊल झटकन गुडघ्याशी परतते आणि हवे तिथे टेकवता येते. म्हणून माझे मत केआगेच्या बाजूने आहे. (उंचीचा हव्यास मात्र नको, कमरेइतकी स्वच्छ लाथ डोक्यापर्यंतच्या वेड्यावाकड्या लाथेपेक्षा केव्हाही बरी.)

भिंतीला हात टेकून गुडघा वर घ्या, पावलाची बाहेरची कड वर झटका, पाऊल पुन्हा गुडघ्याशी आणून तीन अंक मोजा आणि मगच खाली ठेवा. मोजताना डुगडुगलात, तर दोष बहुधा टेकलेल्या पायाच्या ताठ गुडघ्यात असतो. तो किंचित वाकवा. केकोमी सोडू नका, पण तिचा सराव किहोनमध्ये, म्हणजे मूलभूत तंत्रांच्या सरावात, वेगळा करा. प्रशिक्षकांनी केकोमी का निवडली, हेही त्यांना नम्रपणे विचारा, कारण काही वेळा कंबर पुरेशी वापरली जावी म्हणून तेवढ्यापुरता असा बदल करून घेतला जातो. परीक्षेत मात्र वर्गात शिकवलेलीच लाथ मारा.