"मी रडले तर माझा विश्वास कमी पडला का, मॅडम?"

मी समुपदेशक आहे, आणि घरातलं माणूस गेल्यावर विचारला जाणारा हा प्रश्न मी आता इतक्या वेळा ऐकलाय की समोरचा माणूस खुर्चीच्या कडेला कसा बसलाय त्यावरूनच कधीकधी अंदाज येतो. धर्म कुठलाही असो, शब्द तेवढे बदलतात. कोणी म्हणतं आईने वीस वर्षं वारी चुकवली नाही मग तिलाच का, कोणी म्हणतं अब्बूंची एक नमाज कधी राहिली नाही. आणि त्याच्या खाली दुसरा प्रश्न दडलेला असतो जो तिसऱ्या-चौथ्या भेटीत बाहेर पडतो, की मी इतका कोसळलोय म्हणजे माझी श्रद्धा दिखाऊच होती का.

त्यातली एक गोष्ट सांगते, घरच्यांना विचारून आणि ओळख लागणार नाही एवढं बदलून.

कुटुंब नगरचं, मराठी ख्रिस्ती. इथे अमेरिकन मराठी मिशन १८३१ साली आलं, त्यामुळे चार-पाच पिढ्यांपासून ख्रिस्ती असलेली, नाताळला करंज्या-चकल्या करणारी आणि ना. वा. टिळकांची भजनं पेटी-तबल्यावर म्हणणारी घरं इथे भरपूर आहेत. ही आई शाळेतून रिटायर झालेली, संडेस्कूल घ्यायची, महिला मंडळात सगळ्यात पुढे. पहाटे साडेचारला उठून ओट्याजवळ स्टुलावर बसून बायबल वाचायची, कारण बाहेरच्या खोलीत लाइट लावला की घरातल्यांची झोप मोडते. स्तनाचा कॅन्सर, कळला तेव्हा हाडांपर्यंत पोचलेला. चर्चच्या मंडळीने साखळी प्रार्थना केली, म्हणजे आळीपाळीने, खंड न पडू देता, उपास केले, चौदा महिन्यांनी बाई गेली.

चार महिन्यांनी मुलगी माझ्याकडे आली ती रडायला नाही, तर झोप लागत नाही आणि ऑफिसात सगळ्यांवर खेकसते म्हणून. दफनविधी, स्मरणाची उपासना, पप्पांच्या शुगरच्या गोळ्या, सगळं तिनेच निभावलेलं. डोळ्यातून टिपूस नाही. रविवारी चर्चला जाणं मात्र बंद, पाळकसाहेबांना सांगायची डोकं दुखतंय. का, तर तिथल्या एका मावशींनी दफनविधीच्या दिवशीच तिच्या पाठीवर हात ठेवून म्हटलं होतं, "कुठेतरी विश्वासात कमी पडलो असू आपण."

आता माझी चूक सांगते. मी विवेकनिष्ठ मानसोपचाराच्या वळणाची, म्हणजे दुःख वाढवणारे हट्टी विचार प्रश्न विचारून तपासायचे ही जी पद्धत अल्बर्ट एलिस यांनी मांडली आणि आपल्याकडे कि. मो. फडक्यांनी जिचा आयुष्यभर प्रसार केला त्या पठडीतली. माझा कान 'च'वर असतो. "आई बरी व्हायलाच हवी होती", "मी खंबीर राहायलाच पाहिजे", हा 'च' दिसला की मला लगेच हात घालायची घाई. पहिल्याच भेटीत मी विचारलं, "प्रार्थना केली की माणूस बरा झालाच पाहिजे, हा नियम कुठे लिहिलाय?"

ती थंडपणे म्हणाली, "तुम्ही देव मानत नाही ना, मॅडम?"

पुढचे दोन आठवडे आली नाही. बरोबरच होतं तिचं. एलिस स्वतः देव न मानणारे, तो वारसा माझ्या आवाजात उतरला असणार. मग मी रविवारी घरी बसून मराठी बायबल काढलं आणि वाचलं, नुसतं चाळलं नाही. तिसऱ्या आठवड्यात ती आली तेव्हा मी तिच्या देवाबद्दल एक शब्द काढला नाही. फक्त विचारलं, "तुझी आजी, म्हणजे आईची आई, कधी गेली?"

"मी सातवीत होते."

"तेव्हा आईने काय केलं?"

ती सांगायला लागली, सुरुवातीला अगदी हिशोब दिल्यासारखी. आई आठ दिवस रडत होती. भाकरी थापताना रडायची, कपडे वाळत घालताना रडायची. पुढच्या रविवारी चर्चला गेली, गाण्याला सगळे उभे राहिले, आई पण उभी राहिली आणि पहिल्याच कडव्याला मटकन खाली बसली. पूर्ण गाणं बसून, पदर तोंडाला लावून. मी बाजूला उभी होते आणि मला लाज वाटली होती, सगळे बघत होते म्हणून.

मी थोडी थांबले. मग विचारलं, "त्या रविवारी तुझ्या आईचा विश्वास कमी पडला होता का?"

माझ्या खोलीतल्या पंख्याचा कटकट आवाज येतो, तो तेव्हा मी बराच वेळ ऐकला. ती पर्सची चेन उघडझाप करत होती. मग हळू म्हणाली, "आईचा? शक्यच नाही." आणि पुढचं वाक्य अर्ध्यात तुटलं आणि चार महिन्यांचं सगळं एकदम आलं. मी टिश्यू पुढे केला नाही. (नवीन समुपदेशकांना सांगते, टिश्यू लगेच पुढे केला की माणसाला वाटतं आता आवरायला सांगतायत.)

मी जे वाद घालून पाडायला गेले होते ते तिच्या आईने एका बाकावर बसून पाडलं होतं. तेव्हापासून माझा नियम झालाय, श्रद्धाळू माणसाशी वाद घालायचा तर त्याच्या श्रद्धेच्या घरात जाऊन, दाराबाहेरून नाही. इतक्या वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये हे मला उशिरा कळलं पण नीट कळलं.

पुढच्या वेळी ती आईचं बायबल घेऊन आली, रेक्झिनचं कव्हर, चेन तुटलेली म्हणून रबर लावलेलं. आत रक्ताच्या रिपोर्टची घडी खूण म्हणून घातलेली. स्तोत्रांच्या कडेला पेन्सिलीने तारखा, आणि काही ठिकाणी नुसती प्रश्नचिन्हं. बावीसाव्या स्तोत्रापाशी, "माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास", तिथे दोन. मुलीला हे माहीतच नव्हतं की आईसुद्धा देवाला असं विचारते.

आता ज्यांच्या घरात असं घडलंय त्यांच्यासाठी थोडं. "विश्वास कमी पडला" म्हणणाऱ्यांना बायबलमधल्या ईयोबाची गोष्ट आठवून द्या, भला माणूस असून मुलंबाळं, संपत्ती सगळं गमावलेला. त्याचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले तोवर उत्तम होते, तोंड उघडून कारणं द्यायला लागले तिथे बिघडलं, आणि शेवटी देव त्या मित्रांवरच रागावतो. बायबलमधलं प्रेषित पौलाचं वचनही लोक अर्धं सांगतात, तो शोक करू नका एवढंच म्हणत नाही, ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा करू नका म्हणतो. हिंदू घरात हेच "देवाला चांगली माणसं लवकर लागतात" या रूपात येतं, तेही नका बोलू. त्यापेक्षा डबा पाठवा, बँकेच्या कामाला सोबत जा.

घरात लहान मूल असेल तर भाषा जपा. या मुलीचा पाच वर्षांचा मुलगा रात्री झोपायला तयार नव्हता, कारण सगळे म्हणत होते आजी प्रभूमध्ये झोपली. मोठ्यांना त्यात दिलासा वाटतो, पोराला वाटतं झोपलं की पेटीत घालतात. बायबलमधल्या लाजराच्या गोष्टीत येशू मेलेल्या लाजराला 'झोपला' म्हणतो, तर त्याच्या शिष्यांचासुद्धा त्या शब्दाने गोंधळ झालाय! आम्ही त्याला सांगितलं की आजीचं शरीर बंद पडलं, ती आता श्वास घेत नाही, तिला दुखत नाही, आणि आपला विश्वास आहे की ती प्रभूजवळ आहे. दहा-बारा दिवसांत झोपायला लागला.

आणि "मी कितव्या स्टेजला आहे" हे विचारत येऊ नका. दुःखाच्या म्हणून सांगतात त्या पाच पायऱ्या मनोविकारतज्ज्ञ कुब्लर-रॉस बाईंनी १९६९ साली मांडल्या त्या मुळात मरणाच्या दारातल्या पेशंटशी बोलून, मागे राहिलेल्यांसाठी ते टाइमटेबल नाही. पण सहा महिने उलटून गेले आणि तरी रोजचं जगणं ठप्पच असेल तर मदत घ्या, आणि आपणही जावं असं वाटत असेल तर मात्र महिने न मोजता लगेच घ्या. सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात.

मुलगी एकूण नऊ वेळा आली. पप्पा एकदाच आले, "सलाम" म्हणून बसले, बायकोच्या हातच्या करंज्यांबद्दल पाऊण तास बोलले आणि गेले, त्यांना तेवढंच हवं होतं. शेवटच्या भेटीत ती सोमवारची आली होती.

"काल चर्चला गेले," म्हणाली. "गाण्याला उभी राहिले."

"मग?"

"दुसऱ्या कडव्याला बसले." आणि डोळे पुसत हसली, "आईपेक्षा एक कडवं जास्त."