सिकदार ‘संगणक’ होते, ‘संगणकतज्ज्ञ’ नव्हे

प्रश्न: संगणनाच्या इतिहासावरच्या एका छोट्या प्रदर्शनासाठी इंग्रजी फलकांचा मराठी अनुवाद करतो आहे. मूळ मजकुरात राधानाथ सिकदार 1831 साली सर्वेक्षण खात्यात ‘कॉम्प्युटर’ म्हणून लागले, असं आहे. ‘संगणक’ लिहिलं तर लोक हसतील. ‘गणक’ लिहू की ‘संगणकतज्ज्ञ’?

उत्तर: ‘संगणकतज्ज्ञ’ आधी खोडा. हा शब्द सिकदारांना चिकटवलेला मी दोनदा छापील पाहिलाय, आणि एका महाभागाने तर त्यांना ‘संगणक विभागात’ नोकरीला लावलं होतं. 1831 साली इंग्लंडमधल्या चार्ल्स बॅबेजचं आकडेमोडीचं यंत्रसुद्धा पुरं झालेलं नव्हतं, सिकदार कुठल्या विभागात बसणार? कॉम्प्युटर हा त्यांचा हुद्दा होता. शंभराहून जास्त मैलांवरून दुर्बिणीने मोजलेले कोन घ्यायचे, हवेतून येताना प्रकाश वाकतो त्याची दुरुस्ती करायची आणि उंची काढायची. ‘शिखर क्रमांक 15’ची उंची 29,002 फूट निघाली ती अशा कागदावरच्या आकडेमोडीतून. आपण त्याला आज एव्हरेस्ट म्हणतो.

‘गणक’ही नको. अमरकोशात तो दैवज्ञाच्या शेजारी बसलाय. सिकदार पत्रिका बघत होते असं वाटायचं.

‘संगणक’च लिहा. हसणाऱ्यांना जनगणनेचा ‘प्रगणक’ दाखवा. तोच धातू, तोच ‘क’, फक्त उपसर्ग वेगळा. प्रगणक वही घेऊन दारात येतो, आपण त्याला पाणी विचारतो. त्याला कुठे प्लग आहे का, असं कुणी बघत नाही. लेखक, गायक, सेवक, शिक्षक, सगळी माणसंच. यंत्राला हे नाव मागाहून मिळालं. इंग्रजीतही तसंच झालं: संगणकशास्त्राचा पाया घालणाऱ्या ॲलन ट्यूरिंगच्या 1936 च्या निबंधातला ‘कॉम्प्युटर’ हा कागद-पेन्सिल घेतलेला माणूस आहे, त्याच्यासाठी सर्वनामही ‘तो’ माणसाचंच. म्हणून सुरुवातीच्या कितीतरी यंत्रांच्या नावात कॅल्क्युलेटर आहे. केंब्रिजचं एडसॅक घ्या किंवा आपल्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतलं टिफ्रॅक; दोन्हींच्या शेवटचा ‘सी’ कॅल्क्युलेटरचा. (एनिॲकचा शेवटचा ‘सी’ कॉम्प्युटरचा आहे, ठाऊक आहे, पत्रं पाठवू नका.)

पण खरी गंमत लॅटिनमध्ये आहे. ‘कॉम्प्युटर’ तिथूनच आला: ‘कॉम’ हा उपसर्ग आणि ‘पुतारे’ हे क्रियापद. मराठी आडनाव वाटावं असं. मूळ अर्थ छाटणे, झाडाच्या फांद्या कापून ते साफ करणे. हॉस्पिटलात ‘अँप्युटेशन’ म्हणतात तेही याच घरातलं. छाटण्यावरून साफ करणे, त्यावरून हिशेब साफ करणे, त्यावरून मोजणे, मानणे. आपणही ‘एकदाचा हिशेब साफ करून टाक’ म्हणतोच की. द्राक्षाच्या बागेत छाटणीला उभा असलेला माणूस आणि खातेवही मिटवणारा माणूस लॅटिनच्या लेखी एकच काम करत होते.

आता पुढे ऐका. राज्यक्रांतीनंतर फ्रान्समध्ये द प्रोनी या अभियंत्याने लॉगॅरिदमच्या प्रचंड कोष्टकांचं काम काढलं. वर थोडे गणिती, मध्ये पद्धत आखणारे आणि तळाला साठ-ऐंशी जण, ज्यांनी फक्त बेरीज-वजाबाकी करायची. या तळातल्यांपैकी बरेच जण सरदारांच्या केसांचे टोप सजवणारे न्हावी होते, असं सांगतात. गिऱ्हाइकांची डोकीच उरली नव्हती, मग धंदा कसला? छाटणीवाले मोजणीला लागले! ‘पुतारे’चा दीड-दोन हजार वर्षांचा प्रवास त्यांनी एका पिढीत उलगडून दाखवला. हा योगायोग आहे हे मला कळतं, तरी सोडवत नाही. पुढे बॅबेजला यंत्राची कल्पना रुजवायला हीच कामाची वाटणी उपयोगी पडली.

राहिला ‘कॉम’. काही कोशकार सांगतात, इथे तो नुसता जोर द्यायला आहे. आमच्याकडचे शुद्धिवादीही ‘सं’ म्हणजे ‘सम्यक्’, नीट, म्हणून मोकळे होतात, आणि वर ‘गणक पुरे होता, सं कशाला’ असंही विचारतात. कोशकारांनी एकदा 1757 च्या पॅरिसमध्ये डोकवावं. हॅलेचा धूमकेतू परत कधी येणार हे काढायला गणिती क्लेरो, खगोलशास्त्रज्ञ लालांद आणि निकोल-रेन लपोत ही गणिती बाई असे तिघे टेबलाला बसले. सहा महिने सकाळपासून रात्रीपर्यंत, कधी जेवतानासुद्धा आकडेमोड. उत्तर मध्य एप्रिल निघालं, धूमकेतू सूर्याच्या सगळ्यांत जवळ आला 13 मार्च 1759 ला. गुरू आणि शनीची ओढ हाताने मोजून एक महिन्याची चूक! एकट्याला हे जमलं नसतं. संगीत, संमेलन, संगम यांतला ‘सं’ जो ‘एकत्र’ सांगतो, तोच इथे हवा. ‘कॉम’ आणि ‘सम्’ सख्खे भाऊ असल्याचंही काही हौशी लोक सांगत फिरतात. ते मात्र खोटं. दोघांची मुळं वेगळी, फक्त चेहरे सारखे.

तर फलकावर ‘राधानाथ सिकदार 1831 साली सर्वेक्षणात संगणक झाले’ असं लिहा. ‘लागले’ नको; ‘कचेरीत संगणक लागले’ म्हटलं की परत तीच बोंब. पुढच्या फलकावर लपोतबाई असतील, किंवा हार्वर्ड वेधशाळेत आकाशाच्या काचेवरच्या छायाचित्रांतले तारे मोजणाऱ्या बायका, तर ‘महिला संगणक’ लिहू नका. लेखकाची लेखिका होते, गायकाची गायिका. या सरळ संगणिका.