वाचकांचे प्रश्न : हॉर्मोन आणि प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशी

प्रश्न : एम.एस्सी.च्या प्रकल्पात एलएनकॅप (लॅबमध्ये वाढवतात त्या प्रोस्टेट कॅन्सरच्या) पेशींना टेस्टोस्टेरॉन देते आहे. हॉर्मोन दिलेल्या आणि न दिलेल्या पेशी सारख्याच वाढतात. डोस दहापट केला तर वाढ उलट कमी झाली. कुठे चुकतंय?
— विद्यार्थिनी, धरमपेठ, नागपूर

उत्तर : डोस वाढवल्यावर वाढ कमी झाली, यात तुमचं काही चुकलेलं नाही. चूक कंट्रोलमध्ये, म्हणजे तुलनेसाठी हॉर्मोन न दिलेल्या पेशींमध्ये, आहे. पेशींच्या खाद्यात घालतात त्या वासराच्या साध्या सीरममध्ये (रक्तद्रवात) स्टेरॉइड हॉर्मोन असतातच, त्यामुळे 'न दिलेल्या' पेशींनाही ते मिळत राहतं. कोळसा-डेक्स्ट्रान लावून हॉर्मोन काढलेलं सीरम घ्या, १० टक्के. आरपीएमआय-१६४० हे मीडियम (पेशींचं द्रव खाद्य) फिनॉल रेड हा रंग नसलेलं हवं. त्या रंगासोबत येणारी अशुद्धी किंचित इस्ट्रोजेनसारखी वागते, आणि एलएनकॅपमधला अँड्रोजेन रिसेप्टर (टेस्टोस्टेरॉनसारखे पुरुषी हॉर्मोन ओळखणारं प्रथिन) एका म्युटेशनमुळे इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनलाही दाद देतो.

पेशी चिकटल्या की या मीडियममध्ये दोन-तीन दिवस उपाशी ठेवा, मग हॉर्मोन द्या. टेस्टोस्टेरॉन किंवा डीएचटी (त्यापासून बनणारं जास्त प्रभावी हॉर्मोन) यांपेक्षा आर-१८८१ हे कृत्रिम अँड्रोजेन बरं, कारण डीएचटी या पेशी स्वतःच झपाट्याने निकामी करतात. ०.०१, ०.१, १ आणि १० नॅनोमोलर असे डोस ठेवा. प्रत्येक डोसचं इथेनॉलमधलं द्रावण हजारपट तीव्र करून ठेवा आणि १० मिलीलिटर मीडियममध्ये १० मायक्रोलिटर घाला. म्हणजे सगळीकडे इथेनॉल ०.१ टक्काच राहील. कंट्रोललाही तेवढंच इथेनॉल द्या, हे हमखास राहून जातं. दर ४८ तासांनी ताजं मीडियम, सहाव्या दिवशी मोजणी.

वाढ साधारण ०.१ नॅनोमोलरला सर्वांत जास्त दिसेल आणि १० ला पुन्हा खाली येईल. मात्र पीएसए (प्रोस्टेटच्या पेशी सोडतात ते प्रथिन) त्या वरच्या डोसलाही भरपूर स्रवत राहतो. म्हणून पीएसए वाढला म्हणजे पेशी वाढल्या, असं लिहू नका. पेशी किंवा डीएनए मोजा. पीसी-३ ही प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशींची दुसरी जात सोबत लावा. तिच्यात हा रिसेप्टर कार्यरत नसतो, त्यामुळे तीही हॉर्मोनने हलली तर दोष तुमच्या द्रावणात आहे.

एलएनकॅप सैल चिकटतात. धुताना निम्म्या वाहून गेल्या की आकडे बिघडतात. प्लेटला पॉली-लायसिनचा थर द्या आणि पिपेट भिंतीला टेकवून हळू सोडा. आपल्याकडच्या मे महिन्यासाठी आणखी एक : साधा इन्क्युबेटर फक्त तापवतो, थंड करत नाही. वीज गेली, एसी बंद पडला आणि खोली चाळिशीकडे गेली, की आतलं तापमान ३७ वर राहत नाही. प्लेटच्या कडेच्या खाचांतलं मीडियमही आटतं आणि हॉर्मोन तीव्र होतं. त्या खाचांत नुसतं बफर भरा, पेशी आतल्या खाचांत घ्या.

प्रश्न : बाबांना दर तीन महिन्यांनी हॉर्मोनचं (टेस्टोस्टेरॉन खाली आणणारं) इंजेक्शन आहे. टेस्टोस्टेरॉन खाली आहे, तरी पीएसए चढतोय. हॉर्मोनच नाही तर गाठ वाढते कशावर?
— एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : सर्जन चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवलं की टेस्टोस्टेरॉन तोडलं की हा कॅन्सर मागे हटतो. पण टिकलेल्या पेशी थोडक्यात भागवायला शिकतात. काही रिसेप्टरची संख्या वाढवतात, काही हॉर्मोनशिवाय चालू राहणारा अर्धवट रिसेप्टर बनवतात, काही अॅड्रिनल ग्रंथीच्या कच्च्या मालातून गाठीतच अँड्रोजेन तयार करतात. लॅबमध्ये एलएनकॅप महिनोन्‌महिने उपाशी ठेवल्या तर अशाच पेशी उरतात. त्यांतल्या काहींची वाढ हॉर्मोन दिल्यावर उलट थांबते. हे वाचून कुणी स्वतःच्या मनाने टेस्टोस्टेरॉन घेऊ नये. त्याने आजार भडकू शकतो.

इंजेक्शन बंद करू नका. पीएसए आणि टेस्टोस्टेरॉन एकाच दिवशी तपासा. दुसरा आकडा ५० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली हवा. तो वर असेल तर इंजेक्शन वेळेवर मिळालं का, हे आधी पाहतात. खाली असूनही पीएसए पुन्हा पुन्हा चढत असेल, तर अॅबिराटेरोन (सोबत प्रेडनिसोलोन) किंवा एन्झाल्युटामाइड या औषधांबद्दल ऑन्कॉलॉजिस्टना विचारा. पाठदुखीसोबत पायांतली ताकद गेली किंवा लघवी अडली, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच तासाला इमर्जन्सीत न्या. मणक्यातल्या मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो.

प्रश्न : बायोप्सीचा तुकडा लॅबमध्ये वाढवून कोणतं औषध लागू पडेल, हे आधीच कळतं का?
— एक वाचक, वर्धा

उत्तर : सध्या त्यावर उपचार ठरवत नाहीत. ताज्या तुकड्याचे मिलीमीटरभर काप जिलेटिनच्या स्पंजवर ठेवले तर काही दिवस जगतात, आणि गाठीभोवतीच्या आधारपेशी शाबूत राहतात. हे संशोधनाला फार मोलाचं, कारण हॉर्मोनचा बराचसा हुकूम त्या आधारपेशींमार्फतच पोचतो. जास्त काळ वाढवू पाहिलं तर पुष्कळदा निरोगी पेशीच कॅन्सरवर मात करतात. शिवाय बायोप्सी बहुधा थेट फॉर्मॅलिनमध्ये जाते, तिथे पेशी मरतात. पण त्याच तुकड्याच्या पॅराफिन (मेणाच्या) ब्लॉकवर बीआरसीए या डीएनए दुरुस्त करणाऱ्या जनुकांची तपासणी होते. आजार पसरलेला असेल तर ती जरूर विचारा. दोष सापडला तर ओलापॅरिबसारखं औषध देता येतं. ब्लॉक पॅथॉलॉजीतून लेखी अर्ज देऊन मागता येतो.