पेरावं तसं उगवतं, खरंच का?

प्रश्न: आमचा आजा म्हणायचा पेरावं तसं उगवतं. औंदा महागाची पिशवी आणून सोयाबीन पेरलं, निम्मं उगवलंच नाही. मग म्हण खोटी का? (एक वाचक, लातूर जिल्हा)

उत्तर: दादा, खोटी नाही पण अर्धीच हाय, पाऊस अन् भाव तिच्यात कुठंच नाही बघा. २०२४-२५ ला हमीभाव ४८९२ रुपये क्विंटल होता अन् बाजारात कित्येकांनी त्याच्याखालीच विकलं, म्हणजे चांगलं उगवूनबी हातात काय आलं? ही म्हण काढणारा आडत्याकडं विक्रीच्या हिशेबाची पट्टी घ्यायला कधी गेलाच नसंल! बाकी पुढच्या टायमाला ओल्या गोणपाटात १०० दाणे गुंडाळून ठेवा, आठवड्यात ७० च्या खाली उगवले तर ते बियाणं पेरूच नका, अन् ७५-१०० मिलिमीटर पाऊस पडल्याशिवाय तिफण काढायची घाई नको.