मुलांच्या बेडरूममध्ये खेळायला जागा ठेवावी का?

तुम्ही लिहिलंय की कांदिवलीत टू बीएचके घेतलाय, मुलांची खोली १० बाय ९ आहे, मुलगी आठ वर्षांची आणि मुलगा चार वर्षांचा. इंटिरियरवाल्याने दोन पलंग, कपाट आणि स्टडी टेबल काढून दिलंय. आता प्रश्न पडलाय की थोडी जागा खेळायला सोडावी, की बेडरूम झोपेपुरती आणि अभ्यासापुरतीच ठेवावी. सुतार रविवारी येणार आहे.

जागा सोडा. त्यासाठी कपाट फूटभर आखूड करावं लागलं तरी चालेल.

मी नायगावच्या बीडीडी चाळीत वाढले. १६० चौरस फुटांची खोली आणि आम्ही सात माणसं. सकाळी वळकट्या गुंडाळून कोपऱ्यात रचल्या की तीच खोली बैठकीची, तीच स्वयंपाकाची. तुम्हालाही घरातलं कुणीतरी म्हणेल, “आम्हाला कुठे होती खेळायला वेगळी जागा?” माझे सासरेही हेच म्हणायचे. पण दाराबाहेर काय होतं हे सांगायचं राहून जातं. आमच्या मजल्यावर मधोमध लांब पॅसेज आणि दोन्ही बाजूंना मिळून २० खोल्या. सागरगोटे, भातुकली, पत्ते, रबरी चेंडूचं क्रिकेट, सगळं त्या पॅसेजमध्ये. पावसाळ्याचे चार महिनेसुद्धा तिथेच निघायचे. खोलीत खेळायला जागा नव्हती कारण ती लागतच नव्हती.

फ्लॅटमध्ये तो पॅसेज नाही. लॉबीत मुलं धावली की शेजारच्यांचं दार उघडतं, नाहीतर सोसायटीची नोटीस लागते. आता बीडीडीच्या लोकांनाही टॉवरमध्ये ५०० चौरस फुटांची घरं मिळतायत. संडास घरात आला, आमच्या आईच्या पिढीने त्यासाठी काय काढलंय ते मला माहीत आहे, म्हणून मला मनापासून आनंद आहे. पण पॅसेज गेला, तो गेलाच. जे खेळणं दाराबाहेर व्हायचं ते आता आतच व्हायला हवं, आणि आत म्हणजे शेवटी मुलांच्या खोलीतच.

आता तुमच्या ड्रॉइंगचा हिशेब करा. खोली ९० चौरस फूट. सव्वासहा बाय तीनचे दोन पलंग म्हणजे ३८ गेले. कपाटाचे १०, टेबलाचे ८, खुर्ची ओढून बसायला आणखी ४. उरले ३०, पण सलग नाहीत. पलंगामधली बोळकांडी, दार उघडायची जागा, कपाटासमोरचा पट्टा असे तुकडे. त्यात मूल उभं राहू शकतं, मांडी ठोकून खेळू शकत नाही.

हीच चूक मी केली होती. आमच्या मुलुंडच्या घरात, मुलं मोठी होणारच म्हणून, सुताराकडून मोठा स्टोरेजवाला पलंग करून घेतला. भिंतीपासून भिंतीपर्यंत. दिसायला सुरेख. मुलगा त्या खोलीत फक्त झोपायला जायचा. खेळायला डायनिंग टेबलाखाली, नाहीतर स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात माझ्या पायात. तीन वर्षांनी पलंग काढून टाकला. ज्याच्या खालून दुसरा पलंग ओढून काढता येतो तसा सिंगल पलंग करून घेतला आणि भिंतीला घडीचं टेबल लावलं. तुमच्या खोलीत एवढं केलंत तर जवळजवळ सहा बाय सहा जमीन सलग मोकळी निघेल. एक सतरंजी पसरेल, तिच्यावर दोन मुलं बसतील, मध्ये पसारा मांडता येईल. माझं माप तेवढंच आहे. ‘प्ले एरिया’ म्हणून विकतात ते तंबू, घसरगुंड्या, कार्टूनचे कोपरे यातलं काही नको. मोकळी लादी हवी.

त्या लादीचं काय होतं ते सांगते. पलंग काढल्यावर पहिल्याच आठवड्यात मुलाने गॅलरीतले कपड्यांचे चिमटे आणले. लाद्यांमधल्या फटी म्हणजे रूळ. एका लादीचा कोपरा उडालेला होता, ते कुर्ला, कारण तिथे लोकलच्या हार्बर आणि सेंट्रल लाइन एकत्र येतात. निळे चिमटे स्लो, लाल फास्ट. लाल चिमटे विक्रोळीला थांबायचे नाहीत, घाटकोपरला थांबायचे. पहिल्या संध्याकाळी मी सवयीने म्हटलं, “चल, आता उचलून ठेव.” तो काही बोलला नाही, फक्त कुर्ल्यावर हात ठेवून बसला. मी राहू दिलं. दुसऱ्या दिवशी शाळेतून आला तो चपला न काढता थेट तिथे गेला आणि ठाण्याच्या पुढची लाइन टाकायला लागला. तो खेळ नऊ दिवस चालला. लादी पुसायला येणाऱ्या मावशी चिमट्यांच्या कडेकडेने फडकं फिरवायच्या.

मी बालवाडीत शिकवते, रोज पंचवीस मुलं बघते, आणि माझ्या मते खोलीतल्या जागेचा खरा उपयोग हाच. अर्धवट राहिलेलं काम, ओढलेल्या पलंगाच्या कडेला का होईना, रात्रभर तसंच राहू शकतं. हॉलमध्ये ते शक्य नसतं, तिथे पाहुणे येतात, टीव्ही बघायचा असतो, ताटं मांडायची असतात. रोज रात्री मांडलेलं मोडावं लागलं की मूल मोठं काही मांडायलाच घेत नाही. तुमच्या मुलीचं वय नेमकं हे आहे.

चार वर्षांच्या मुलाचं थोडं वेगळं आहे. तो एकटा खोलीत खेळेल ही अपेक्षा ठेवू नका, तो माणसं असतील तिथेच खेळणार. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी १९४५मध्ये डहाणूजवळच्या बोर्डीला काम सुरू केलं, तेव्हा आदिवासी मुलं बालवाडीत येईनात म्हणून त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथून आला. तुमच्या घरातलं अंगण सध्या स्वयंपाकघराबाहेरचा तुकडा आहे असं समजा आणि तिथेही एक टोपली ठेवा. दोन-तीन वर्षांत तो आपणहून ताईच्या खोलीत जाईल.

खेळणी समोर असली की मुलं झोपत नाहीत, ही काळजी रास्त आहे. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना दुपारची धरून १० ते १३ तास झोप लागते. आम्ही खालच्या फळ्यांना जुन्या सुती साडीचा पडदा लावला आहे, नऊ वाजता ओढतो. शिवाय सगळी खेळणी एकदम बाहेर ठेवू नका. अमेरिकेत टोलेडो विद्यापीठात ३६ लहानग्यांवर एक अभ्यास झाला, २०१८मध्ये छापून आला. १६ ऐवजी ४ खेळणी दिली तेव्हा मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. बालवाडीत हे मी रोज पाहते. बाकीची माळ्यावर टाका, महिन्याने बदला. झोप उडते ती मोबाइलने आणि टीव्हीने, ते मात्र या खोलीत नकोत.

जागा वाचवायला बंक बेड सुचवतील. वरच्या पलंगावर सहा वर्षांखालचं मूल नको, आणि आपल्याकडे छताचा पंखा वरच्या पलंगावर बसलेल्याच्या हाताशी येतो. मी तरी करणार नाही. कपाट भिंतीला स्क्रूने पक्कं करून घ्या, मुलं खण उघडून वर चढतात. आणि पलंग खिडकीखाली नको, मग ग्रिल असो वा नसो.

मुलांना खाली खेळायला नेणं सोडू नका. तीन-चार वर्षांच्या मुलाने दिवसातून तीन तास तरी हालचाल करावी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, ती ३६ चौरस फुटांत होणार नाही.

सुतार रविवारी येतोय ना? मग शनिवारी सकाळी रिकाम्या खोलीत पलंग, कपाट, टेबल सगळं खडूने जमिनीवर खऱ्या मापात आखा. दोघांना त्यांची आवडती खेळणी घेऊन तिथे सोडा आणि रेघांच्या आत पाय ठेवायचा नाही एवढंच सांगा. तासाभराने ती कुठे बसलीत ते बघा आणि त्याच जागेचा फोटो सुताराला दाखवा.