पुराच्या हंगामाचे आकडे कुठून आणायचे?

(पलूस तालुक्यातल्या एका शेतकरी वडिलांचं पत्र, थोडक्यात: मुलगी क्षारपड जमिनीवर पीएच.डी. करते आहे. २०२१ च्या जुलैत कृष्णेला पूर आला आणि त्या हंगामातले मातीचे नमुने घ्यायचे राहिले. गाइड म्हणतात, आधीच्या आणि नंतरच्या वर्षांची सरासरी काढून रकाने भरा. मुलगी ऐकत नाही. उचललेला मजकूर शोधणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये साम्य सातच टक्के आलं, मग अडचण कसली? तिला जरा समजवा.)

नमस्कार,

मुलीला समजवण्यासारखं माझ्याकडे काही नाही. तुमच्याशीच दोन गोष्टी बोलतो.

आधी ते सात टक्के. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, आणि ६० च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द होते. पण सॉफ्टवेअर मजकुराशी मजकूर ताडून बघतं, एवढंच. रानात कोण गेलं होतं आणि कोण नाही, हे त्याला कुठून कळणार? मनानं लिहिलेला आकडा कशाशीच जुळत नाही, म्हणून तो बिनबोभाट पास होतो. उचललेल्या मजकुरापेक्षा हा प्रकार मला जास्त गंभीर वाटतो.

आता तुमच्या ओळखीचं बोलू. काळी जमीन, उसाला पाण्याचा मारा, निचरा नाही, की क्षार वर येतात. हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलंय. पूर येऊन पाणी साचून राहिलं, तर ते क्षार धुऊन गेले की आणखी वाढले? तुमच्या भागातल्या शेतकऱ्याला नेमकं हेच हवंय. सरासरीनं भरलेला तक्ता काय सांगेल? पूर आलाच नव्हता असं! उद्या त्यावर विसंबून कुणी जिप्समचा डोस ठरवला किंवा निचऱ्याचे पाइप टाकले, तर खर्च त्याच्या खिशातून जाणार.

शिवाय असे आकडे पकडले जातात. खऱ्या नमुन्यांत चढउतार असतो, सरासरीत तो गुळगुळीत होतो. अमेरिकेत बेल लॅब्जमधल्या यान हेन्ड्रिक श्योन या शास्त्रज्ञाच्या वेगवेगळ्या प्रयोगांच्या आलेखांत बारीकसारीक चढउतारसुद्धा हुबेहूब सारखे निघाले. २००२ मध्ये नोकरी गेली, २००४ मध्ये जर्मनीतल्या कोन्स्टान्त्स विद्यापीठानं डॉक्टरेटही काढून घेतली.

तिनं करायचं काय? नमुने कुठल्या हंगामाचे नाहीत आणि का नाहीत, हे प्रबंधात सरळ लिहावं. पुरामुळे नमुने राहिले यात लाजण्यासारखं काही नाही. समजूतदार परीक्षक ते मान्य करतो. गाइडना 'हे खोटं आहे' असं तोंडावर म्हणू नये, त्यानं फक्त दार बंद होतं. 'सर, हा हंगाम वगळून विश्लेषण केलं तर चालेल का?' असं विचारावं, आणि झालेलं बोलणं त्याच दिवशी ईमेलनं कळवून ठेवावं. दर सहा महिन्यांनी संशोधन सल्लागार समितीपुढे सादरीकरण असतं, तिथे तो रिकामा रकाना रिकामाच दाखवावा. समितीच्या नोंदीत एकदा आला की नंतर भरा म्हणणं कुणालाही जड जातं. तरीही दबाव आला तर विभागप्रमुख, आणि पुढे विद्यापीठाची शैक्षणिक सचोटी समिती. रानातली तारखेनिशी लिहिलेली वही मात्र कुणाच्याही ताब्यात देऊ नये, हवी तर झेरॉक्स द्यावी.

पैसे घेऊन पंधरा दिवसांत पेपर छापून देणाऱ्या एजंटचंही तुम्ही विचारलंय. नको. त्याचा नंबर डिलीट करा.

राहिला वेळेचा प्रश्न. सहा वर्षांच्या मुदतीत महिला संशोधकांना दोन वर्षांची सवलत मिळते. अर्ज कधी आणि कसा करायचा हे पीएच.डी. विभागात आजच विचारून घ्या. त्या अवधीत ती पावसाळ्यानंतरचे नमुने त्याच गटांतून पुन्हा घेऊ शकेल. त्यानं २०२१ ची जागा भरणार नाही, ते या वर्षाचे नमुने म्हणूनच लिहावे लागतील. गटांचे बांध तिच्यापेक्षा तुम्हाला जास्त माहीत असतील, तेव्हा एक-दोन दिवस तिच्यासोबत जाता आलं तर बघा.